‘तकसीर’चं कार्ड

४ मार्च

ही गेली त्याला आज तेवीस दिवस झाले. सकाळी कामावर निघताना पत्रपेटीत कोशाच्या कार्यालयाचे पाकीट दिसले. क्षणभर वाटले, वर जाऊन तिला देऊन यावे.

ही न्यायालयात भाषांतरकार होती. निवृत्तीनंतर नऊ वर्षे जुन्या न्यायकागदांतल्या शब्दांच्या कोशासाठी घरी बसून काम करत होती. एका शब्दाला एक कार्ड. त्यावर अर्थ, शब्दाचे मूळ आणि जुन्या कागदातले एखादे उदाहरण. संपादक लिहितात की ‘त’ ते ‘द’ची दोनशे बारा कार्डे तिच्याकडे आहेत. ती एकतीस मार्चच्या आत मिळाली तर छापता येतील. नाहीतर पन्नास वर्षांपूर्वीच्या यादीतले एकेका ओळीचे अर्थ घालून काम पुढे न्यावे लागेल. पत्र टंकलेले आहे, पण शेवटची दुःखाची ओळ शाईने हाताने लिहिली आहे.

संध्याकाळी मुलीला फोनवर पत्र वाचून दाखवले. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी एका जागी टिकायची नाही.

“एक कार्ड द्यायचं नाही, बाबा,” ती म्हणाली. “आई आजारी पडली आणि त्या माणसाने तिला रद्दीसारखं टाकून दिलं. एक फोन नाही, दोन ओळी नाहीत. आता बरी आठवण झाली! जाळून टाका ती कार्डं, पण त्याला देऊ नका.”

मी म्हणालो, “बरं.”

बरं म्हणायला नको होते. संपादकांनी हिला टाकले नव्हते. काम थांबवा असे मीच त्यांना सांगितले होते. हे हिला ठाऊक नव्हते आणि भिंगरीला अजून ठाऊक नाही. आज पहिल्यांदा कुठेतरी लिहिले. लिहिल्यावर बरे वाटते म्हणतात, तसे काही झाले नाही.

६ मार्च

कसे झाले ते एकदा नीट लिहून ठेवतो.

सप्टेंबरात औषधांच्या दुसऱ्या फेरीनंतर हिची बोटे बधिर झाली. संपादकांची पद्धत अशी की कार्डावर काही शंका असली की लहान चिठ्ठी लिहून ती टाचणीने लावायची, आणि दर गुरुवारी अशा कार्डांचे पाकीट पाठवायचे. म्हणून ही त्यांना टाचणीसाहेब म्हणायची. “अहो ऐकलंत का, आज टाचणीसाहेबांनी अकरा ठिकाणी टोचलंय,” असे खुशीत सांगायची. त्यात खुशी कसली, हे मला कधी कळले नाही. एका गुरुवारी कार्डावर रक्ताचे दोन ठिपके दिसले. टाचणी बोटात शिरली होती आणि हिला पत्ता नव्हता. ती ठिपक्यांवर पाणी लावून पुसत बसली होती, बोटावर नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या जलविभागाच्या कार्यालयातून, नकाशाखोलीबाहेरच्या जिन्यात उभा राहून मी संपादकांना फोन केला.

“यापुढे तिला काम पाठवू नका. तिला झेपत नाही.”

ते म्हणाले, “बाईंना विचारलंत?”

“हो.”

“त्या स्वतः म्हणाल्या?”

“हो. तुम्हाला सांगायचा संकोच वाटतो तिला. तुम्हीही विषय काढू नका. वाईट वाटेल.”

दोनदा हो म्हणालो. मला खोटे बोलायची सवय नाही. मग इतके सहज कसे जमले याचे आजही नवल वाटते. फोन ठेवून वर गेलो आणि पूर्व विभागाच्या जलवाहिनीचा नकाशा पुरा केला. रेघ कुठे हलली नाही.

नंतर गुरुवार येत राहिले. आधी ही स्वतः खाली जायची. पुढे जिना चढवेना तेव्हा म्हणायची, “अहो, बघता का जरा?” मी खाली जायचो, रिकाम्या पेटीसमोर उभा राहायचो, परत यायचो. एकदा म्हणाली, “माझं काम घसरलं असेल हो. तोंडावर सांगायला त्यांना जड जात असेल.” मी म्हणालो, “नसता विचार करू नकोस, पडून राहा.”

तेव्हा सांगता आले असते. पाच गुरुवार, सहा गुरुवार, प्रत्येक वेळी सांगता आले असते.

९ मार्च

आज कपाटावरून खोके काढले. बुटांचे चार खोके. द्यायचे नसले तरी बघायला काय हरकत, असे मनाला सांगितले.

सगळी कार्डे वर्णक्रमाने ओळीत आहेत. ते माझेच काम. ऑक्टोबरात भिंगरी दोन दिवस आली होती. ती हिला तपासणीला घेऊन गेली त्या दुपारी मी चारही खोके टेबलावर उपडे केले. जलविभागात एकतीस वर्षे नकाशे उतरवतो आहे. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. कार्डे अस्ताव्यस्त लावलेली वाटली, म्हणून त, थ, द असे सरळ लावून, मध्ये रंगीत पुठ्ठे घालून ठेवले. ही आली, खोक्यांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, “छान दिसतंय.” आणि चहा मागितला.

आज कार्डांच्या मागे बघितले. प्रत्येकावर कोपऱ्यात पेन्सिलने कागदाचे साल आहे. ती शब्द कागदांच्या वयाने लावत होती. कुठला शब्द आधी आला, कुठला कुणाच्या मागून आला, ते तिला त्या रांगेत दिसत असणार. कित्येक वर्षांची रांग मी एका दुपारी मोडली. ती “छान दिसतंय” म्हणाली, आणि नंतर दीड महिना एकेक कार्ड शोधत बसायची. मला वाटायचे, औषधांनी स्मरणशक्ती गेली.

१२ मार्च

अर्धी रजा टाकून संपादकांकडे गेलो. मुलगी नको म्हणते, मुदत वाढवून मिळेल का, एवढेच विचारायचे ठरवले होते.

कार्यालय म्हणजे पुस्तकबांधणीच्या कारखान्यावरची एक खोली. जिन्यात खळीचा वास भरलेला. मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते. बारीक, उंच, मनगटाला लोहचुंबक बांधलेला आणि त्याला टाचण्या चिकटलेल्या. हिने हे मला सांगितले होते की नाही आठवत नाही. सांगितले असेल. मी ऐकले नसेल.

“तुमच्या मुलीचा फोन आला होता,” ते म्हणाले. “बाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी. बरंच बोलल्या. निर्दयी म्हणाल्या, सुशिक्षित कसाई म्हणाल्या.” थोडे हसले. “हे दुसरं जरा बरं होतं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? विषय काढणार नाही असं तुम्हाला कबूल केलं होतं. बाईंना संकोच वाटत होता म्हणालात. माणूस गेल्यावर त्याचा संकोच उघडा कशाला करायचा?”

ते माझ्या खोट्याची राखण करत होते आणि त्यासाठी माझ्याच मुलीच्या शिव्या खात होते.

मग खणातून एक कार्ड काढून त्यांनी पुढे ठेवले. “हे नोव्हेंबरात टपालाने आलं. काम सोडलं म्हणतात आणि कार्ड पाठवतात, मला काही समजेना. मी चिठ्ठी लावली होती, पण पाठवली नाही. तुमचा शब्द होता.”

ते पाकीट मीच पेटीत टाकले होते. टाकताना वाटले होते, फाडून टाकावे का. पण दुसऱ्याचे टपाल अडवणे बरोबर नाही म्हणून टाकले. एवढी सचोटी मी दाखवली.

कार्डावर शब्द आहे ‘तकसीर’. टाचलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या बारीक अक्षरात: “अर्थ उत्तम. पण नुसते कमी पडणे हा गुन्हा कसा होतो? निवाड्यातले एक उदाहरण हवे.”

ही याच्या उत्तराची वाट बघत होती. चिठ्ठी चार महिने खणात पडून होती.

मुदत वाढत नाही म्हणाले. मी कार्ड खिशात घालून आलो. खरे काय ते सांगितले नाही.

१५ मार्च, रविवार

भिंगरी सकाळीच आली. हिचे कपाट आवरायचे म्हणाली आणि आवरले काहीच नाही. एक स्वेटर मांडीवर घेऊन तासभर बसली. मग खोके खाली काढलेले दिसले.

“हे कशाला काढलेत?”

“धूळ बसली होती.”

“बाबा, तुम्ही तेव्हा त्या माणसाला फोन करून झापलं का नाही?”

“मला कुठे झापता येतं?”

“ते खरंच. चुकीचा नंबर लागला तरी तुम्ही समोरच्याची पाच मिनिटं माफी मागता. आई म्हणायची, तुझ्या बाबांच्या पायावर कुणी पाय दिला तर हे म्हणतील, थांबा, दुसरा देतो.”

दोघेही हसलो. मग तिला रडू फुटले. म्हणाली, “जानेवारीत यायला हवं होतं मी. दुकानाचं प्रशिक्षण होतं, पुढे ढकललं असतं. आईला म्हटलं, फेब्रुवारीत पंधरा दिवस येते. ती म्हणाली, ये सावकाश. आणि तो माणूस, बाबा, तो रोज त्याच गावात होता! त्याला एक चिठ्ठी पाठवता आली नाही?”

तिचा त्यांच्यावर इतका राग का, हे मला कळत नाही. मी फक्त पाणी आणून दिले.

सांगायची वेळ होती. तोंड उघडले आणि म्हणालो, “जेवून जा.” ती जेवून गेली. ती गेल्यावर सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटले याची मग उरलेला दिवसभर लाज वाटली.

१९ मार्च

रोज कामावरून आल्यावर सात ते नऊ या वेळात कार्डे पुन्हा सालाप्रमाणे लावतो आहे. आज संपली. लावताना वाचावी लागली. नऊ वर्षांत मी तिचे एकही कार्ड वाचले नव्हते. विचारले असते तर मी म्हणालो असतो, वाचतो की.

कार्डाच्या पुढच्या बाजूला ती अगदी न्यायालयात उभी असल्यासारखी लिहिते. मागच्या बाजूला मात्र घरात बोलायची तशी. ‘तकसीर’चे पुढचे असे:

“तकसीर. अपराध, गुन्हा. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. मुळात अर्थ आखूड करणे, कमी पडणे, करायचे ते पुरते न करणे. पुढे कोणत्याही गुन्ह्याला लावू लागले.”

आणि मागे: “कसूर हा याचा सख्खा भाऊ. कसर नात्यातली नाही, ती ‘तुटणे’ या अर्थाच्या मुळाकडची. आवाज सारखा म्हणून घरात घुसते, हिला दारातच ओळखावे. अपराध म्हणजे मुळात नेम चुकणे. तिथे बाण सुटतो पण भलतीकडे जातो. तकसीरीत तो अलीकडेच पडतो. लोकांना वाटते, अलीकडे पडला म्हणजे कुणाला लागला नाही.”

मला आधी बरे वाटले. कमी पडणे म्हणजे सौम्य शब्द झाला. कमी कोण पडत नाही? मी तिचे वाईट चिंतले नव्हते. नेम तिच्या विश्रांतीचा होता.

मग खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या घडीत आणखी एक कार्ड सापडले. वर शब्द तोच, आणि अक्षर माझे.

आठवले. वीस नोव्हेंबर, तारीखही मीच घातली आहे. तिची बोटे चालत नव्हती. म्हणाली, “अहो, तुमचं अक्षर सुरेख आहे, एवढं उतरवून द्याल?” जुन्या लिपीतून तिने पेन्सिलने काढलेला मजकूर होता. मी शाईने उतरवला. नकाशा उतरवताना आम्ही वाचत नाही. वाचायला लागले की हात चुकतो, हे पहिल्या वर्षी शिकवतात. मी अक्षरे उतरवली आणि कार्ड तिला दिले. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितले.

“कसं वाटलं?”

“शाई जरा पसरते या कागदावर,” मी म्हणालो.

ती हसली. मग कार्ड घेऊन ठेवून दिले.

आज वाचले ते असे: “म्हातारा भावाच्या वादात साक्ष द्यावयास पैलतीरी जाणार होता. नावाड्याने पाहिले, प्रकृती नाजूक, पाणी मोठे, म्हणोन नाव सोडिली नाही. नाव नादुरुस्त ऐसे सांगितले. वाद साक्षीवाचून बुडाला. नावाडी म्हणे, आपण दया केली, वाईट काही केले नाही. पंचांनी पुसिले, म्हाताऱ्यास विचारिले होतेस? म्हणे, नाही. पंच बोलिले, नाव तुझी, जाणे त्याचे. तुजकडे तकसीर लागू झाली. आता पैलतीरी जाऊन चारचौघांत सांगावे की म्हातारा येणार होता, मी आणिला नाही.”

तीनदा वाचले. संपादकांना हवे होते ते उदाहरण हेच. तिने न विचारता शोधून ठेवले होते. पाठवले का नाही कुणास ठाऊक. विसरली असेल. आणि मला उतरवायला दिले ते बोटे चालत नव्हती म्हणून, दुसरे काही नाही. तिला कुठून कळणार?

२२ मार्च

भिंगरीला फोन केला. ठरवून, कागदावर दोन वाक्ये लिहून. ती म्हणाली, “बोला.” मी म्हणालो, “न्हाणीघरातला नळ गळतोय.” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही जलविभागात आहात.” मग आम्ही वॉशरबद्दल दहा मिनिटे बोललो.

कागद खिशात तसाच आहे.

२५ मार्च

भिंगरी शेजारच्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. जेवणाच्या सुट्टीआधी जाऊन बसलो. मला पाहून घाबरली. “काय झालं?” म्हणाली. मी म्हणालो, “अक्षर पुसट दिसतं.” ते खोटे नव्हते, पण त्यासाठी गेलो नव्हतो.

तिने आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवले. नाकावर ती जड चौकट चढवली आणि भिंतीवरची अक्षरे लावली.

“वाचा.”

वाचली.

“आता? हे बरं की मघाचं?”

“मघाचं. भिंगरी, संपादकांनी आईचं काम थांबवलं नव्हतं.”

“हलू नका. आणि आता?”

“मी थांबवलं. सप्टेंबरात त्यांना फोन करून सांगितलं, पाठवू नका. आईला विचारलं नव्हतं. त्यांना म्हणालो, तिनेच सांगितलंय. आणि तिला सांगू नका म्हणालो.”

तिने काच काढली, दुसरी घातली, तीही काढली. चौकट माझ्या नाकावर तशीच होती. मला समोर फक्त उजेडाचा चौकोन दिसत होता. ती कुठे उभी आहे ते कळत नव्हते.

“ती गुरुवारी खाली जायची,” ती म्हणाली.

“हो.”

“मला फोनवर म्हणायची, आज तरी येईल. तुम्ही शेजारी बसलेले असायचात.”

“हो.”

“आईला माहीत होतं?”

“नाही.”

“नक्की?”

“ती कधी काही बोलली नाही.”

खणात काच ठेवल्याचा आवाज आला. मग एकदम: “मी त्या माणसाला कसाई म्हटलं, बाबा. त्यांनी ऐकून घेतलं. सगळं ऐकून घेतलं आणि वर म्हणाले, काळजी घ्या.”

“सुशिक्षित कसाई,” मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

तिने दिवा लावला. चौकट काढताना तिचे हात माझ्या कानांना लागले, थंडगार होते. माझ्याकडे न बघता कागदावर नंबर लिहिला. “कार्डं देऊन टाका. आणि खोटं बोललात तेही त्यांना सांगा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. आता जा. मला तुमच्याकडे बघवत नाहीये.”

बाहेर येऊन नंबरचा कागद बघितला. डावा डोळा बराच वाढला आहे.

२८ मार्च

चारही खोके दोन पिशव्यांत घालून नेले. संपादकांनी झाकण काढले, दहाबारा कार्डे बोटाने चाळली आणि म्हणाले, “सालाप्रमाणे आहेत! बाईंचीच शिस्त.”

“मी मोडली होती. पुन्हा लावली.” आणि तिथेच उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. बसलो असतो तर पुन्हा नळाबद्दल बोललो असतो.

त्यांनी मनगटावरची एक टाचणी काढली, परत लावली. मग म्हणाले, “सहा महिने मी बाईंना मनात दोष देत होतो. वाटायचं, नऊ वर्षांच्या कामानंतर दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहून सोडता आलं असतं. नवऱ्याकडून निरोप कसला पाठवतात? ते आता कुणाला सांगू?”

चहा त्यांनी विचारला नाही. बरोबरच होते.

मग त्यांनी नावाड्याचे कार्ड पाहिले. “हे अक्षर बाईंचं नाही.”

“माझं.”

“म्हणजे तुम्ही हे वाचलं होतंत?”

“नाही. उतरवलं होतं.”

“वीस नोव्हेंबर,” त्यांनी तारीख वाचली. “आणि मला पाठवलं नाही त्यांनी.”

“विसरली असेल.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, काहीतरी बोलणार. पण नुसते “हं” म्हणाले आणि कार्ड दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवले.

प्रस्तावनेचे पान तयार होते. त्यात हिच्याबद्दल ओळ आहे: “प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी स्वेच्छेने काम सोडले.” ते म्हणाले, “ही मी काढतो.” मी म्हणालो, नुसती काढू नका. मग त्यांच्याच टेबलावर बसून लिहून दिले: “त्यांचे काम त्यांच्या पतीने त्यांना न विचारता थांबवले. तरी त्या नोव्हेंबरपर्यंत काम करत होत्या.”

“असं कोशाच्या प्रस्तावनेत कुणी छापत नाही,” ते म्हणाले.

“जुन्या कागदांत छापायचे.”

“छापायचे नाहीत, लिहायचे,” त्यांनी सवयीने दुरुस्त केले. “छापलेलं मागे घेता येत नाही. लोक वाचतील.”

“वाचू देत.”

परत येताना पिशव्या रिकाम्या होत्या. हातांना मात्र ओझ्याची सवय राहिली होती. लाज कमी झाली नाही. फक्त आता ती माझ्या एकट्याच्या ताब्यात नाही.

३१ मार्च

सहा दिवस भिंगरीचा फोन नव्हता. आज रजा घेऊन गावात आली, आणि संध्याकाळी घरी. हातात प्रस्तावनेच्या पानाची प्रत. सकाळी संपादकांकडे माफी मागायला गेली होती. त्यांनी वाचायला दिले.

“हे तुम्ही लिहून दिलंत?”

“हो.”

“मला विचारलंत?”

खरोखर, मनात आलेच नव्हते.

“म्हणजे पुन्हा तेच,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याने जास्त लागले. “तुम्ही ठरवलंत, तुम्ही करून मोकळे झालात. तुमची शिक्षा तुम्हाला मिळाली, छान. पण आई माझी आहे. उद्या दुकानात कुणीतरी पुस्तक घेऊन येईल आणि म्हणेल, हे तुमचे वडील का? आईला असं चारचौघांत आवडलं असतं का, याचा तरी विचार केलात? आणि माझं काय? मी जानेवारीत आले नाही ते कुठल्या पानावर छापणार?”

तुझी काही चूक नाही, असे तोंडावर आले होते. गिळले. तिची चूक होती की नव्हती हेही मीच ठरवणार होतो का?

मी म्हणालो, “पान सकाळी नऊला जातं. अजून बदलता येईल. तुला काय हवंय? ठेवायचं, काढायचं, वेगळं लिहायचं, तू सांग.”

ती हिच्या खुर्चीत बसली. पान टेबलावर ठेवले आणि कडेने बोट फिरवत राहिली. मी दोनदा बोलायला गेलो आणि दोनदा गप्प बसलो. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होते, ती बसली आणि तो निघून गेला.

शेवटी म्हणाली, “आत्ता नाही सांगता येत. सकाळी सांगते. मी इथेच राहते आज.”

ती आत उशी शोधायला गेल्यावर संपादकांना फोन केला. तिचे उत्तर येईपर्यंत पान पुढे पाठवू नका, असे सांगितले. ते म्हणाले, थांबतो. मग विचारले, “तुमचं स्वतःचं मत काय? ठेवावं की काढावं?”

मी म्हणालो, “तिने विचारलं तर सांगेन.”